अ‍ॅरेतून डिस्क बाहेर पडली, तर बदलण्याआधी काय तपासावे

लिनक्सवरील सॉफ्टवेअर रेडमधून (अनेक डिस्क जोडून त्यांची एकच अ‍ॅरे चालवण्याच्या व्यवस्थेतून) एखादी हार्ड डिस्क बाहेर पडली, की नवख्या माणसाचा निष्कर्ष ठरलेला असतो: डिस्क गेली, नवी आणायला हवी. हा निष्कर्ष अनेकदा चुकतो. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एमडी हा रेड सांभाळणारा भाग डिस्कची तब्येत तपासत नसतो. आपण लिहायला पाठवलेले डिस्कवर उमटले नाही, किंवा तिच्याकडून उत्तरच आले नाही, एवढेच त्याला कळते आणि तेवढ्यावरून तो तिच्या नावापुढे ‘फॉल्टी’ असा शेरा मारतो. तो शेरा डिस्कच्या तबकडीमुळे पडला, डिस्क बोर्डला जोडणाऱ्या साटा केबलमुळे पडला, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमुळे पडला की डिस्क आणि कर्नल यांच्या वाट पाहण्याच्या मुदती न जुळल्यामुळे पडला, हे शोधून काढणे आपले काम असते. हे काम कोणत्या क्रमाने करावे, ते या लेखात सांगितले आहे. क्रमाचा आग्रह धरण्याचे कारण असे, की डिस्क बंद पडूनही वाचलेला डेटा घाईत दिलेल्या एका आज्ञेने घालवल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत.

समजा आपल्याकडे प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्कची, एक डिस्क गेली तरी चालू राहणारी रेड-५ अ‍ॅरे आहे, ती डेबियन या लिनक्सवर चालते आणि तिचे नाव एमडी-शून्य आहे. पुढचे विवेचन याच नमुन्यावर आधारले आहे. आज्ञा आणि फायलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच द्यावी लागतात आणि प्रत्येक आज्ञेची नेमकी अक्षरे तिच्या मॅन पानावर मिळतात.

पहिली पायरी: काहीही न बदलता पाहणे

अ‍ॅरे एका डिस्कविना चालू असेल, तर रेड-५ ची सगळी शिल्लक संपलेली आहे असे समजावे; आणखी एक डिस्क गेली की अ‍ॅरे बंद पडते. म्हणून सर्वांत मोलाच्या फायली आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. संपूर्ण बॅकअप आधीपासून असेल तर उत्तमच. नसेल, तर रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे कळायला हा प्रसंग जरा महागडा आहे.

यानंतर तीन गोष्टी टाळाव्यात. मशीन रीस्टार्ट करू नये, कारण कर्नलच्या नोंदी डिस्कवर साठवल्या जात नसतील तर त्या पुसल्या जातात, आणि दमत चाललेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. बाहेर पडलेली डिस्क लगेच परत जोडू नये. आणि कॅबिनेट उघडून केबली हलवू नयेत. त्याची वेळ पुढे येणार आहे.

आता प्रॉक या फोल्डरमधली एमडीस्टॅट ही फाईल वाचावी. तिच्यात अ‍ॅरेच्या नावाखाली चौकटी कंसात ४/३ असे दिसेल, म्हणजे चारांपैकी तीन डिस्क कामावर आहेत, आणि शेजारच्या कंसात प्रत्येक चालू डिस्कसाठी ‘यू’ हे अक्षर व गैरहजर डिस्कच्या जागी अधोरेखा दिसेल. ज्या डिस्कच्या नावापुढे कंसात ‘एफ’ आहे, ती फॉल्टी ठरवलेली डिस्क. मग एमडीएडीएम ही आज्ञा ‘डिटेल’ या पर्यायासह अ‍ॅरेवर आणि ‘एक्झॅमिन’ या पर्यायासह प्रत्येक सदस्य डिस्कवर किंवा पार्टिशनवर चालवावी. दोन्ही आज्ञा केवळ वाचतात, काही लिहीत नाहीत. त्यांचे उत्तर, कर्नलची नोंदवही आणि प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी), हे सारे एका फाईलमध्ये भरून ती फाईल पेन ड्राइव्हवर ठेवावी. ज्या अ‍ॅरेची चौकशी चालू आहे तिच्यावरच चौकशीचे कागद ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: डिस्कची ओळख पटवणे

कर्नल डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देतो, पण ही नावे कायमची नसतात. रीस्टार्टनंतर किंवा एखादी डिस्क क्षणभर तुटून पुन्हा जोडली गेल्यावर कालची एसडीसी आज एसडीई होऊ शकते. त्यामुळे कागदावर नाव न लिहिता सिरीयल नंबर लिहावा. देव फोल्डरमधल्या डिस्क या फोल्डरात ‘बाय-आयडी’ नावाची यादी असते आणि तिच्यात मॉडेल, सिरीयल नंबर व सध्याचे नाव यांची जोडी लागलेली असते. अ‍ॅरे निरोगी असतानाच प्रत्येक डिस्कच्या कडेला, बाहेरून दिसेल अशा बाजूला, सिरीयल नंबरचे शेवटचे चार अंक चिकटपट्टीवर मार्करने लिहून ठेवावेत. काम दहा मिनिटांचे आहे. हे न केल्यामुळे आजारी डिस्कऐवजी शेजारची धडधाकट डिस्क उपसून काढणे हा सॉफ्टवेअर रेडमधला बहुधा सर्वांत जुना अपघात आहे आणि डीग्रेडेड, म्हणजे एक डिस्क कमी असलेल्या, रेड-५ मध्ये तो झाला, की अ‍ॅरे जागच्या जागी बंद पडते.

तिसरी पायरी: कर्नल काय म्हणत होता

एमडीने डिस्क बाहेर काढल्याची ओळ नोंदवहीत शोधावी आणि तिच्या आधीची चार-पाच मिनिटे सावकाश वाचावीत. खरी गोष्ट त्या ओळीच्या आधी घडलेली असते. साटा डिस्कच्या बाबतीत एटीए या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी दिसतील आणि त्यांत महिरपी कंसात एखादे लघुरूप असेल. ‘यूएनसी’ असे असेल, तर डिस्कला तो सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा साठवणीचा छोटा तुकडा, वाचता आलेला नाही, म्हणजे बिघाड तबकडीच्या बाजूचा आहे. ‘आयसीआरसी’ असे असेल, तर डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या प्रवासात बिट बिघडले आहेत. संशय केबलवर, तिच्या टोकांवर किंवा कंट्रोलरवर घ्यावा. ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ ही ओळ पुन्हा पुन्हा येत असेल आणि सोबत लिंकचा वेग ६ गिगाबिटवरून ३ किंवा १.५ वर उतरवल्याची नोंद असेल, तर कर्नल स्वतःच कच्च्या जोडणीशी तडजोड करत होता, असे बहुतेक वेळा निघते.

एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकाच क्षणी दोन किंवा तीन डिस्कच्या लिंक तुटल्या असतील, तर दोन-तीन डिस्क एकाच सेकंदाला मेल्या असे मानण्याऐवजी त्यांच्यात सामाईक काय आहे ते पाहावे. बहुधा एकाच विजेच्या तारेवर लावलेला स्प्लिटर, दमलेला एसएमपीएस किंवा एकच कंट्रोलर कार्ड निघते. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टच्या तारेवर साधारण २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. चार डिस्क एकाच वेळी जाग्या झाल्या, की स्वस्तातला एसएमपीएस आणि त्याहून स्वस्तातला स्प्लिटर यांची कसोटी लागते. आपल्याकडे वीज जाऊन लगेच परत येण्याचे प्रकार पावसाळ्यात विशेष होतात. म्हणून डिस्क बाहेर पडल्याची वेळ आणि वीज गेल्याची वेळ ताडून पाहणे हा तपासाचा भागच समजावा.

चौथी पायरी: स्मार्ट अहवाल कसा वाचावा

स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कचा स्वतःविषयीचा अहवाल मिळतो. त्याच्या माथ्यावर ‘पास्ड’ असे लिहिलेले असते, आणि नवखा वाचक तिथेच निर्धास्त होतो. तो शब्द जवळजवळ दुर्लक्षित करावा, कारण डिस्क मरणपंथाला लागलेली असतानाही तो बरेचदा तसाच असतो. अहवालाच्या खालच्या तक्त्यातल्या मोजक्या ओळी मात्र नीट पाहाव्यात आणि त्यांतही शेवटच्या स्तंभातली कच्ची संख्या पाहावी.

क्रमांक ५ हा बदली दिलेल्या सेक्टरांचा हिशेब आहे. क्रमांक १९७ वर ताटकळत असलेले सेक्टर असतात, म्हणजे जे वाचता आले नाहीत पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. क्रमांक १९८ वर डिस्कने स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले सेक्टर असतात. क्रमांक १९९ हा केबलवरील प्रवासातल्या चुकांचा आकडा आहे. तो कधीही कमी होत नाही, त्यामुळे तो किती आहे याहून तो वाढतो आहे का, हे महत्त्वाचे ठरते. क्रमांक १ आणि ७ यांच्या कच्च्या संख्या सीगेटच्या डिस्कमध्ये कोट्यवधींच्या दिसतात. त्या संख्यांची मांडणीच वेगळी असल्यामुळे त्यांनी घाबरून जाऊ नये.

ताटकळत्या सेक्टरांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण रेडची खरी मदत इथे होते. एकट्या डिस्कवर असा सेक्टर असला, की त्यातला मजकूर गेला. अ‍ॅरेत मात्र एमडीला वाचनात चूक आली, की तो उरलेल्या डिस्कवरून तो मजकूर पुन्हा रचतो आणि त्याच जागी परत लिहितो. लिहिताना डिस्क त्या जागेची परीक्षा घेते. जागा ठीक असेल तर तीच वापरते, नसेल तर राखीव साठ्यातला दुसरा सेक्टर तिच्या नावावर करते. म्हणून १९७ चा आकडा स्क्रबनंतर (सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासल्यानंतर) शून्यावर आला आणि ५ चा आकडा एक-दोनने वाढला किंवा वाढलाही नाही, तर व्यवस्था ठरल्याप्रमाणे चालली आहे. तोच आकडा दर आठवड्याला नव्याने वाढत असेल, तर डिस्कची रवानगी करावी. माझा स्वतःचा नियम असा आहे: स्थिर आकड्यावर नजर ठेवायची आणि वाढत्या आकड्याला निरोप द्यायचा.

स्मार्टकडून किती अपेक्षा ठेवावी, याविषयी २००७ साली गूगलच्या तीन संशोधकांनी लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदींवर प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही मार्गदर्शक आहे. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. पण निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये सर्वांत भरवशाच्या चार स्मार्ट खुणांपैकी एकही खूण उमटलेली नव्हती. खूण दिसली तर ती खरी मानावी. खूण नाही म्हणून डिस्क निरोगी आहे असे मात्र मानू नये. मध्यम तापमानाचा आणि बिघाडाचा घट्ट संबंध त्यांना आढळला नाही, फक्त फार गरम राहणाऱ्या जुन्या डिस्क अधिक बिघडल्या. अकोल्या-नागपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे जाते, तिथे बंद कपाटात ठेवलेली अ‍ॅरे त्या दुसऱ्या गटात सहज मोडते.

अहवाल वाचून झाला, की डिस्कची दीर्घ स्वयंचाचणी लावावी. ४ टीबीच्या डिस्कला तिला कित्येक तास लागतात आणि अपेक्षित मिनिटे डिस्क स्वतःच सांगते. चाचणी अर्ध्यात थांबून वाचनदोषाचा शेरा आणि पहिल्या सदोष सेक्टरचा क्रमांक मिळाला, तर दोष तबकडीत आहे हे सिद्ध झाले. ही चाचणी डिस्कच्या आतच चालते, केबलवरून डेटा ये-जा करत नाही. त्यामुळे चाचणी स्वच्छ पार पडते पण अ‍ॅरेत चुका येतात, अशी डिस्क तात्पुरती निर्दोष मानून डेटाच्या रस्त्याकडे, म्हणजे केबलकडे, वळावे.

पाचवी पायरी: केबल

या पायरीवर मी स्वतः फजीत झालो आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. माझ्या घरच्या अ‍ॅरेतली तिसऱ्या जागेवरची डिस्क दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेर पडत असे. मी ती वॉरंटीत बदलून घेतली. नवी आली, रिबिल्ड (नव्या डिस्कवर मजकूर पुन्हा रचणे) झाले, अठराव्या दिवशी तीही बाहेर. तीसुद्धा बदलली. दुकानदाराने दुसऱ्या खेपेला माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर योग्यच होती, हे नंतर कळले. तिसरी डिस्क लावल्यावर मात्र मी तिचा १९९ क्रमांकाचा आकडा कागदावर टिपून ठेवला. पहिल्या दिवशी तो ० होता, चौथ्या दिवशी ६१ झाला. इतर तीन डिस्कचा आकडा हलला नव्हता. मशीन बंद करून झाकण काढले, तर त्या जागेची साटा केबल झाकणाच्या दाबाने कनेक्टरपाशीच काटकोनात मोडली होती आणि टोकाची धातूची पकड कधीच तुटून पडली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पकड असलेली नवी केबल लावली आणि पुढच्या वर्षभरात तो आकडा ६१ च्या पुढे गेला नाही.

यातून निघणारी कृती साधी आहे. मशीन बंद करावे, संशयित डिस्कची केबल दोन्ही टोकांना काढून नवी लावावी, विजेचे कनेक्टर घट्ट बसवावे, आणि केबलसोबत बोर्डवरील जागा बदलू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच दोष कुठे होता ते कळते. १९९ चा आकडा तारखेसह टिपावा. अ‍ॅरेवर काही तास भरपूर वाचन करून आकडा पुन्हा पाहावा. तरीही वाढला, तर त्यानंतर डिस्क दुसऱ्या साटा जागेवर लावावी. दोष जागेसोबत राहिला तर बोर्ड किंवा कार्ड, दोष डिस्कसोबत गेला तर डिस्क.

सहावी पायरी: दोन मुदतींचे भांडण

केबल ठीक, विजेचा पुरवठा ठीक, दीर्घ चाचणीत एखाद-दुसरा सेक्टर सदोष, आणि तरीही डिस्क सबंध बाहेर फेकली गेली, असा प्रकार असेल, तर हा भाग दोनदा वाचावा.

१९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, तेव्हा त्यातले ‘आय’ हे अक्षर ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाचे होते. स्वस्त डिस्क बिघडणार हे गृहीतच होते. पण अ‍ॅरेला हवी असते ती चटकन हार मानणारी डिस्क, आणि घरगुती वापराची डिस्क बनवलेली असते ती सहजासहजी हार न मानण्यासाठी. ती एकटीच असणार, तिच्यातला मजकूर दुसरीकडे नसणार, असे धरून तिचे फर्मवेअर कमकुवत सेक्टर वाचण्याचा प्रयत्न एक मिनिटाहूनही अधिक काळ करत राहते. इकडे लिनक्स कर्नल एका आज्ञेच्या उत्तरासाठी डिफॉल्टने ३० सेकंद थांबतो. मुदत संपली, की तो लिंक रीसेट करतो. डिस्क अजून त्या सेक्टरमध्येच डोके घालून बसलेली असते आणि रीसेटलाही दाद देत नाही. एमडीला तोपर्यंत वाचनदोष कळलेला असतो. तो इतर डिस्कवरून मजकूर रचून तो परत लिहायला जातो, लिखाण स्वीकारायला डिस्क जागेवर नसते, आणि लिहिता न येणारी डिस्क एमडी बाहेर काढतो. अशा रीतीने एका सेक्टरच्या दोषासाठी ४ टीबीच्या डिस्कला हद्दपार केले जाते. पुढे रिबिल्ड सुरू होते, उरलेल्या तीन डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, त्यांपैकी एकीवर असाच सेक्टर निघतो आणि तीही बाहेर पडते. दुष्काळात तेरावा महिना.

अ‍ॅरेसाठी किंवा एनएएससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणयंत्रासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये एससीटी ईआरसी ही सोय असते आणि तिने या प्रयत्नांना बहुधा ७ सेकंदांची मर्यादा घातलेली असते. आपल्या डिस्कमध्ये ती आहे का, हे स्मार्टसीटीएलला ‘एल’ पर्यायासोबत ‘एससीटीईआरसी’ असे देऊन पाहता येते. उत्तरात वाचन आणि लेखन या दोन्हींपुढे ७० हा आकडा दिसला, तर काम झाले आहे. हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागांत असतो. सोय आहे पण बंद आहे, असे दिसले तर त्याच आज्ञेत स्वल्पविराम देऊन ७०,७० असे भरावे. सोयच नाही असे उत्तर आले, तर डिस्कला घाईला लावता येत नाही, मग कर्नललाच थांबायला शिकवावे लागते: सिस फोल्डरमधल्या ब्लॉक या भागात त्या डिस्कच्या नावाखाली ‘डिव्हाइस’ फोल्डर असते आणि त्यातल्या ‘टाइमआउट’ फाईलमध्ये ३० ऐवजी १८० लिहावे. अशा वेळी सदोष सेक्टरपाशी अ‍ॅरे दोन-तीन मिनिटे गोठल्यासारखी वाटेल, पण डिस्क बाहेर पडणार नाही.

टाइमआउटचा बदल रीस्टार्टनंतर टिकत नाही आणि ईआरसीची मर्यादाही बहुतेक डिस्क वीज गेल्यावर विसरतात. म्हणून दोन्ही गोष्टी मशीन सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये किंवा यूडेव्हच्या (डिस्क जोडली की आपोआप चालणाऱ्या) नियमात घालाव्यात. आज बसवले आणि पुढच्या रीस्टार्टला विसरले, अशा अ‍ॅरे पुष्कळ आहेत.

याच प्रकारच्या लक्षणांचे आणखी एक कारण म्हणजे एसएमआर पद्धतीच्या डिस्क. त्यांत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठे लिखाण आले की आतल्या फेररचनेत डिस्क गुंतून पडते आणि रिबिल्डच्या वेळी उत्तर द्यायला उशीर करते. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे मान्य केले. मालिकेचे ते ‘रेड’ म्हणजे तांबडा रंग. आपल्या रेडशी त्याचा संबंध उच्चारापुरताच. डिस्क घेताना मॉडेल क्रमांकावरून ती सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली, असल्याची खात्री करावी, एवढे या विषयात पुरे.

सातवी पायरी: स्क्रब

डेबियनवर एमडीएडीएमच्या पॅकेजसोबतच महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, सर्व अ‍ॅरे पूर्ण वाचून तपासण्याची व्यवस्था येते. ती बंद केलेली नाही ना, हे पाहावे. हाताने तपासणी लावायची असेल, तर अ‍ॅरेच्या ‘सिंक-अ‍ॅक्शन’ या फाईलमध्ये ‘चेक’ हा शब्द लिहावा. वाचताना आलेले दोष ‘चेक’ दुरुस्त करते आणि प्रतींमधली विसंगती फक्त मोजते. ‘रिपेअर’ हा शब्द मात्र आंधळेपणाने लिहू नये, कारण रेड-५ मध्ये विसंगती सापडली तर एमडी डेटा खरा मानून पॅरिटी (गेलेला मजकूर परत रचण्यासाठी साठवलेला हिशेब) नव्याने काढतो. चूक डेटात असेल तर ती चूकच पक्की होते. ‘मिसमॅच-काउंट’ फाईलमध्ये रेड-५ किंवा रेड-६ साठी शून्याखेरीज काही दिसले, तर आधी रॅम तपासावी आणि मशीन अचानक बंद पडले होते का ते आठवावे. रेड-१ वर (तोच मजकूर प्रत्येक डिस्कवर ठेवणाऱ्या प्रकारावर) स्वॅप, म्हणजे रॅमला पूरक जागा, असेल, तर थोडी विसंगती निरुपद्रवी असते.

स्क्रबचे महत्त्व एका हिशेबातून कळते. बऱ्याच घरगुती डिस्कच्या तपशीलपत्रात १०चा १४वा घात इतके बिट वाचताना जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक, असे लिहिलेले असते. इतके बिट म्हणजे १२.५ टीबी. आपल्या नमुना अ‍ॅरेत रिबिल्डसाठी तीन डिस्क मिळून १२ टीबी वाचायचे असतात. या दोन आकड्यांच्या जवळिकीवरून रेड-५ मेली, असा निकाल काही जण देतात. तो मला अतिरेकी वाटतो, कारण तपशीलपत्रातला आकडा ही वरची मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात डिस्क त्याहून पुष्कळ चांगल्या वागतात. पण कमकुवत सेक्टर रिबिल्डच्या आणीबाणीत सापडण्यापेक्षा चारही डिस्क हजर असताना दरमहा सापडलेले बरे, यात वाद नाही.

आठवी पायरी: बदलायचीच असेल तर

डिस्क सदोष ठरली पण अजून अ‍ॅरेत चालू असेल, तर तिला आधी काढून मग नवी घालण्याची रीत सोडावी. शक्य असेल तर नवी डिस्क मोकळ्या साटा जागेवर लावावी, ‘अ‍ॅड’ पर्यायाने अ‍ॅरेत राखीव म्हणून घालावी आणि एमडीएडीएमला ‘रिप्लेस’ व ‘विथ’ हे पर्याय देऊन जुन्या-नव्याची जोडी सांगावी. मग एमडी जुन्या डिस्कवरून नवीवर नक्कल करतो, जुनीवरचा जो सेक्टर वाचता येत नाही तेवढाच इतर डिस्कवरून रचतो, आणि नक्कल पूर्ण झाल्यावरच जुनीला फॉल्टी ठरवतो. या संपूर्ण काळात अ‍ॅरेची सुरक्षितता कमी होत नाही. सेकंदाला सरासरी १५० एमबीच्या वेगाने ४ टीबीला साडेसात तास लागतात. वापर चालू असेल तर त्याहून अधिक.

नवी डिस्क सरळ अ‍ॅरेत घालू नये. आधी तिची दीर्घ चाचणी करावी आणि वेळ असेल तर बॅडब्लॉक्स या आज्ञेच्या लेखनचाचणीने ती पूर्ण लिहून-वाचून पाहावी. ही चाचणी डिस्कवरचे सर्व पुसते, म्हणून एंटर दाबण्याआधी सिरीयल नंबर मोठ्याने वाचावा. घरच्यांना विचित्र वाटते, पण उपयोग होतो.

डिस्क निर्दोष निघाली आणि दोष केबलचा होता, तर तीच डिस्क ‘री-अ‍ॅड’ पर्यायाने परत घ्यावी. अ‍ॅरेला अंतर्गत राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे लिखाण झाले याची नोंद) असेल, तर मधल्या काळात बदललेला भागच पुन्हा लिहिला जातो आणि तासांचे काम मिनिटांत होते. बिटमॅप नसेल, तर अ‍ॅरे निरोगी असताना ‘ग्रो’ पर्यायाने तो घालून घ्यावा.

दोन डिस्क बाहेर पडल्या तर

रेड-५ मधून दोन डिस्क गेल्या आणि अ‍ॅरे उभीच राहत नसेल, तर सर्वांत आधी कीबोर्डपासून हात दूर करावेत. इंटरनेटवर मिळणारा ‘क्रिएट’ पर्यायाचा सल्ला पाळू नये. त्याने जुना सुपरब्लॉक (प्रत्येक डिस्कवरची रचनेची नोंद) पुसून नवा लिहिला जातो आणि डिस्कचा क्रम, चंकचा (डिस्कवर आळीपाळीने लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार किंवा डेटा जिथून सुरू होतो ती जागा यांत थोडा जरी फरक पडला, तर रीसिंक सुरू होऊन खरा डेटा तुडवला जातो. त्याऐवजी पहिल्या पायरीत जपून ठेवलेला ‘एक्झॅमिन’चा अहवाल काढावा आणि प्रत्येक डिस्कपुढचा ‘इव्हेंट्स’ हा, बदलांसोबत वाढत जाणारा, आकडा पाहावा. तीन डिस्कचे आकडे सारखे किंवा अगदी जवळचे असतील आणि चौथीचा फार मागे असेल, तर चौथी आधी गेली आहे. ती बाजूला ठेवून उरलेल्या तिघींवर ‘असेंबल’ आणि ‘फोर्स’ हे पर्याय वापरता येतात. तिघींपैकी एखादीवर न वाचता येणारे सेक्टर असतील, तर आधी डीडीरेस्क्यू या आज्ञेने तिची नव्या डिस्कवर नक्कल करावी, नोंदीची मॅप फाईल अवश्य ठेवावी, आणि जोडणीत मूळ डिस्कऐवजी ही नक्कल घालावी. अ‍ॅरे उभी राहिली, तर ती केवळ वाचनासाठी माउंट करून डेटा बाहेर काढावा, रिबिल्ड त्यानंतर.

हे सारे पहिल्यांदाच खऱ्या डिस्कवर करण्याचे धाडस करू नये. २०० एमबीच्या चार रिकाम्या फायली तयार करून, त्या लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वापरता येणारी फाईल) म्हणून जोडून त्यांची खोटी रेड-५ बनवता येते. तिच्यातली एक डिस्क ‘फेल’ पर्यायाने पाडावी, काढावी, परत घालावी, बदलावी, मग दोन पाडून ‘असेंबल’चा सराव करावा. एका संध्याकाळचे काम आहे आणि बिघडले तर फायली पुसून टाकायच्या.

शेवटची पायरी: निरोप पोहोचण्याची व्यवस्था

वरच्या सर्व पायऱ्या डिस्क बाहेर पडल्याचे त्याच दिवशी कळले तरच उपयोगी आहेत. एमडीएडीएमच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये ‘मेलअ‍ॅडर’ या शब्दापुढे आपला ईमेल पत्ता लिहावा, मशीनवरून मेल बाहेर जाण्याची सोय करावी, आणि स्मार्टडी ही सेवा चालू करून तिला रोजची लघु व आठवड्याची दीर्घ चाचणी नेमून द्यावी. मग ‘मॉनिटर’, ‘स्कॅन’, ‘वनशॉट’ आणि ‘टेस्ट’ हे पर्याय एकत्र देऊन एमडीएडीएम चालवावे, म्हणजे प्रत्येक अ‍ॅरेसाठी चाचणीचा एक मेल निघतो. तो इनबॉक्समध्ये आला नाही, तर स्पॅमचे फोल्डर उघडून पाहावे. माझा तिथेच पडून होता, आणि त्याच्या खाली तीन आठवड्यांपूर्वीचा खरा मेलही होता.